मागून लावलेली पऱ्हाटी

त्या साली मृगाचा पाऊस पडला आणि मग दडी मारून बसला. सरकी पेरून झाली होती. काही उगवली, काही जमिनीतच गेली. वावरात उभं राहून पाहिलं की तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, मध्ये मध्ये रिकामं दिसायचं. पिकातल्या अशा रिकाम्या जागेला आमच्याकडे खाडा म्हणतात. तिथं पुन्हा हातानं बी लावायचं, म्हणजे खाडे भरायचे. हे काम बायांचं. पाऊस परत आला तेव्हा माझ्या बायकोनं ते एकटीनं केलं. सरकी शेणमातीत चोळून घ्यायची, म्हणजे एकीला एक चिकटत नाही. ती पदरात बांधायची, खाडा दिसला की खुरप्यानं माती उकरायची, दोन-तीन दाणे टाकायचे, टाचेनं दाबायचे, आणि पुढं.

मी तण काढायचा डवरा हाकत होतो. म्हटलं, "राहू दे ना. मागून लावलेल्याले काय येते? पुढचे मोठे होतीन अन् त्याच्यावर सावली करतीन."

ती म्हणाली, "रिकामं बरं नाई दिसत. दात पडलेल्या बुढ्यावानी दिसून राह्यलं तुमचं वावर."

"अवं, पन येईन काय त्याले?"

"जेवढं येईन तेवढं देईन ना ते. तुमाले कायची घाई हाये?"

एवढंच बोलणं झालं. लिहून ठेवावं असं काही त्यात नाही. पण माझ्याकडे तिचं जे काही राहिलं आहे ते हेच आहे, म्हणून आधी हे लिहिलं. साल मला सांगता येणार नाही. मी शाळेत दुसरीतून उठलो तो बैलांमागं गेलो, आणि सालं लिहून ठेवायची सवय कधी लागली नाही. नागपूर तेव्हा राजधानी होतं, आमचा मुलूख अजून मुंबईच्या राज्यात गेला नव्हता, तेव्हाची गोष्ट आहे. आमचं गाव आर्वीच्या अलीकडे.

भादव्यात ती गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला. बैलगाडीत घालून आर्वीला नेलं. डॉक्टरनं सुया दिल्या, चांगलं पाहिलं. परत आणलं तर बरी दिसत होती. उठून चूल पेटवली, मला म्हणाली, भाकर टाकते. आणि मग जो ताप आला त्यात गेली. कोणाचा दोष नव्हता. दोष द्यायला कोणी सापडला असता तर बरं झालं असतं, मी त्याच्याशी भांडलो असतो. भांडता मला चांगलं येतं. पण इथं समोर कोणीच नव्हता.

मूल झालं नव्हतं. घरात माय आणि मी, दोघंच उरलो. माय मी लहान असतानाच विधवा झालेली.

आणि कापूस असा फुटला! म्हणजे त्या साली जसा फुटला तसा मी आधी पाहिला नव्हता. पाऊस बेतानं पडला, बोंडअळी आली नाही, आश्विनातलं ऊन नीट लागलं. रस्त्यानं जाणारा माणूस धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, थांबून म्हणायचा, "काय वावर आलं बाप्पा तुहं औंदा!" मी तोंड फिरवून घ्यायचो. त्या माणसाला काय माहीत, मला ते पांढरं वावर पाहिलं की पेटवून द्यावं वाटायचं.

आमच्या भागात पहिल्या वेचणीच्या आधी सीतादही करतात. घरची बाई वावरात जाते, चांगल्या फुटलेल्या पऱ्हाटीपाशी, म्हणजे कपाशीच्या झाडापाशी, पाच खडे मांडते, हळदकुंकू वाहते, कणकेचा दिवा लावते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते. मग बोंडातला कापूस ओढून त्याचा दोरा काढते आणि झाडाला गुंडाळते. दहीभात वावरात शिंपडते. वावरानं दिलं त्याचं हे पावतं करणं, म्हणजे दिलेलं पोचलं असं सांगणं. सीतादही झाल्याशिवाय कापसाला कोणी हात लावत नाही. आणि हे करते ती सवाष्ण. माय विधवा म्हणून वावरात येत नसे, धुऱ्यावर उभी राहायची. आमच्या घरी हे काम माझ्या बायकोचं. ती दहीभात असा शिंपडायची की अर्धा माझ्या टोपीवर पडायचा, आणि वर म्हणायची, हवा आली.

आता घरात सवाष्ण नव्हती. दिवाळी जवळ आली, कापूस खाली लोंबू लागला.

माय म्हणाली, "शेजारच्या काकूच्या सुनेले सांगतो. येईन ते. घडीभराचं तं काम हाये."

मी म्हटलं, "माह्या वावरात परक्या बाईचा हात लागनार नाई."

"मंग वेचाले येतीन त्या बाया का तुह्या मावश्या हायेत?"

"वेचनारच नाई."

"काऊन?"

"गळू दे. ज्यानं माहं नेलं त्याचे उपकार मी कायले मानू? दही पाजू त्याले?"

माय ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "ते घरात आली तवा मानले होते काय तू उपकार? तवा तं म्हनत होता, पोरगी काळी हाये."

मी उठून गोठ्यात गेलो. पण मी हेका सोडला नाही. मी एकदा नाही म्हटलं की नाही, हे गावाला माहीत होतं आणि मायला तर जास्तच.

ज्या घरचं माणूस गेलं त्या घरी पहिल्या सणाला कढई चढत नाही. शेजारपाजारचे, सोयरेधायरे ताटं आणून देतात. लक्ष्मीपूजनाच्या सकाळपासून ताटं येऊ लागली. करंज्या, अनारसे, चिवडा, कोणी पुऱ्या. प्रत्येक ताटावर धुतलेलं फडकं. आणून देणारी बाई उंबऱ्यात बसायची, दोन शब्द बोलायची, डोळे पुसायची आणि जायची. माय ताटं घेऊन आत ठेवायची. मी एकाला हात लावला नाही. कोणाच्या घरची करंजी खाऊन माझं तोंड गोड होणार होतं?

शेजारच्या काकू माझ्यासमोरच बसल्या. "खा रे बावा. एक अनारसा तं खा. माह्या हातचा हाये, वाईट नाई."

"नको काकू."

"असं करून कसं होईन? वय काय हाये तुहं? दिवाळी झाली का आपन पोरगी पाहू. माह्या भाच्याच्या सासरी एक हाये, कामाले वाघीन हाये."

मी उठून बाहेर गेलो. मागून काकूंचा आवाज आला, "आता मी काय वाकडं बोलली वो?"

संध्याकाळी गावभर दिवे लागले. आमच्या दारात मी लावू दिले नाहीत. मायनं एकच पणती गोठ्यात नेऊन ठेवली. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, "गुरांनं तुहं काय केलं?"

दुसऱ्या दिवशी गायगोधन. त्या दिवशी गाईंना रंगवतात, शिंगांना मोरपिसं, गळ्यात घुंगरं, आणि वाजत गाजत गावाबाहेर नेतात. मी आमची गाय दावणीलाच ठेवली. डफ ऐकून ती दावं ओढत होती. मी तिच्यासमोर कडबा टाकला आणि ओसरीवर बसून राहिलो.

तेव्हा सासरे आले.

त्यांचं गाव तळेगावकडे. उंच, वाळकं माणूस, गुडघ्याच्या वर धोतर, तोंडात सतत काहीतरी थट्टा. आमची म्हैस दिवाळीच्या सुमारास आटलेली असायची. म्हणून सीतादह्याचं दही दरसाल तिच्या माहेरून यायचं. सासरे स्वतः घेऊन यायचे, डोक्यावर गाडगं, त्यावर ओलं फडकं, आणि पायी. गाडीत बसले तर दही हिंदकळते म्हणायचे. सीतादही झालं की पोरीला भाऊबीजेला घेऊन परत जायचे. येताना दरसाल दारातून ओरडायचे, "इनबाई, कुत्रं बांधलं काय?" आमच्याकडे कधीही कुत्रं नव्हतं. इनबाई म्हणजे विहीणबाई, आणि कुत्रं ते मायलाच म्हणायचे. आणि माय चुलीपासून उत्तर द्यायची, "आमचं बांधलेलंच हाये इवाईबुवा, हे तळेगावकडचं कोनं सोडलं?" बायको आत तोंडाला पदर लावून हसायची.

त्या दिवशी ते अंगणात येऊन उभे राहिले. डोक्यावर गाडगं होतं. ओरडले नाहीत. ओसरीची पायरी चढले नाहीत. मी त्यांना पाहिलं, त्यांनी मला पाहिलं. परक्या गावात घर विचारायला माणूस उभा राहतो ना, तसे उभे होते.

माय दारात आली. तिनं क्षणभर पाहिलं आणि हळू म्हणाली, "कुत्रं बांधलेलं हाये. या."

ते पायरीवर बसले आणि गाडगं खाली ठेवलं. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"तिची माय म्हने, दही घेऊन जा. सीतादही व्हाचं असंन." माझ्याकडे न पाहता बोलले.

मी म्हटलं, "मामाजी, कायले त्रास घेतला? औंदा सीतादही नाई. वेचनार नाई मी."

मला वाटलं होतं ते समजवतील. मी तयार होतो. ते म्हणाले, "बरं." थोड्या वेळानं म्हणाले, "वेचू नका. पन मले वावर तं पाहू द्या. एवढा चालत आलो."

आता माणूस चालत आला आणि वावर पाहू दे म्हणतो, त्याला नाही कसं म्हणणार? आम्ही निघालो. निघताना त्यांनी गाडगं उचललं. मी म्हटलं, ते कशाला? म्हणे, मांजर तोंड घालंन. आमच्या घरी मांजरही नव्हतं.

वाटेनं ते भलतंच बोलत राहिले. कोणाचा बैल कसा निघाला, मोटारवाल्यानं हात दाखवूनही गाडी कशी थांबवली नाही, तुरीला फूल कसं आहे. धुऱ्यावर आले आणि थांबले. वावर समोर पांढरं पसरलेलं होतं.

"लय फुटला," ते म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं. "भरपाई देल्ली त्यानं. मानूस घेतलं अन् कापूस देल्ला."

ते धुऱ्यावर बसले, गाडगं दोन्ही पायांच्या मध्ये धरलं. मग म्हणाले, "जवाईबापू, एक इचारू? मी आता तुमचा कोन?"

"कोन म्हन्जे?"

"म्हन्जे काल-परवापर्यंत मी तुमचा सासरा होतो. आता? तुमी दुसरी करसान. करा, मी नाई म्हननारा कोन? उमर हाये तुमची. मंग तिचा बाप येईन दिवाळीले दही घेऊन. मी कोन्या नात्यानं येऊ? रस्त्यानं जातो तं लोक इचारतीन, बुढा कुठी चालला? काय सांगू?"

मी खाली पाहत होतो.

"हे वावर तिनं पाह्यलं, तिचा हात लागला याले. मले वाटे, एक डाव सीतादही झालं म्हन्जे तिच्या हातचं काम पुरं झालं. तिच्या मायलेही तेच वाटे, म्हनून तं तिनं रातचं दूध विरजलं. तिलेही दिवाळी नाई, आमच्याही घरी कढई चढली नाई. पन दही लावलं तिनं. आता तुमी नाई म्हनता तं परत नेतो. पन तिच्या मायले काय सांगू?"

"सवाष्ण नाई घरात," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून म्हटलं.

"मी करतो."

"मानसं करत नाईत मामाजी."

"बाई मेल्यावर काय करता मंग? मानसंच उरले ना आपन."

त्यांच्या तोंडून 'मेल्यावर' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्यांनाही तो ऐकू आला असावा, कारण त्यानंतर ते दुसरीकडे पाहू लागले.

तेवढ्यात मागून माणसं आल्याचा आवाज आला. पाहतो तर माय. हातात ताट, ताटात हळदकुंकू, कणकेचा दिवा, भाताचं भांडं. तिच्यामागं वेचणाऱ्या बाया, कंबरेला झोळ्या बांधून तयार. मायनं आम्ही निघाल्याबरोबर त्यांना बोलावलं होतं. मला विचारलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मी आत येत नाई. धुऱ्यावरून सांगतो. तसं करा दोघं. तू डोये नको दाखवू मले."

मी तोंड उघडलं होतं, पण सासरे ताट घेऊन वावरात उतरले होते. म्हातारा माणूस, एका हातात ताट, काखेत गाडगं. पडले असते. मी जाऊन गाडगं धरलं. असा मी वावरात गेलो. बाकी कोणत्याही कारणानं गेलो नसतो.

मग जे झालं ते गावानं पुष्कळ दिवस सांगितलं. दोन पुरुष पऱ्हाटीत बसलेले, आणि धुऱ्यावरून माय ओरडते आहे.

"खडे धुवून घ्या! अवो इवाईबुवा, तसे नाई मांडत, ओळीनं! हळद आंधी! कुकू मांगून! हे काय केलं?"

"तुमी हळू सांगा ना इनबाई, मी काय रोजचा पुजारी हावो?"

"दिव्याचं तोंड उगवतीले!"

"उगवती कोनती वो?" सासरे मला विचारत होते. गडबडीत त्यांना दिशा कळत नव्हती. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकजण म्हणाली, "दादाजी, जरा वर पाहा ना, कोन्या झाडापाशी बसले?"

तेव्हा मी पाहिलं. सासरे ज्या पऱ्हाटीपाशी बसले होते ती गुडघ्याएवढीच होती. हिरवी. बोंडं होती, पण मिटलेली. एकही फुटलं नव्हतं. बाजूची झाडं छातीएवढी, पांढरीशुभ्र, आणि हे त्यांच्या सावलीत.

"त्याले तं कापूसच नाई," बाया म्हणाल्या. "दोरा कायचा काढसान दादाजी? मोठं झाड पाहा ना!"

माय ओरडली, "उठा तिथून! चांगलं झाड पाहा!"

सासरे ओशाळून उठू लागले. मी त्यांचा हात धरला.

"इथंच करा मामाजी."

"काऊन? इथं तं..."

"हे खाड्यातलं हाये. तिनं मागून लावलं."

त्यांना लगेच कळलं नाही. मग कळलं. ते पुन्हा बसले. त्या लहान झाडाला त्यांनी हात लावला नाही, जवळ नेला आणि थांबवला, जसं झोपलेल्याला उठवू नये म्हणून माणूस करतो. मग विचारलं, "अजून कोनते?"

मी दाखवलं. ते, तुरीच्या तासाजवळचं. ते खाली. त्या मोठ्याच्या मागं ते दोन. मला सगळे माहीत होते असं नाही. पण सगळं वावर पांढरं झाल्यामुळं, जिथं जिथं तिनं लावलं तिथं तिथं हिरवं दिसत होतं. मी इतके दिवस वावराकडे पाठ करून फिरलो म्हणून मला दिसलं नव्हतं. अख्ख्या वावरात ती होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जशी वाकत वाकत गेली होती तशी.

सासरे पाहत राहिले.

धुऱ्यावर मायला ऐकू गेलं नव्हतं. ती ओरडत होती, "काय झालं? उठत काऊन नाई?" मी ओरडून सांगितलं, "माय, हे तिच्या हातचं हाये!" माय धुऱ्यावर खाली बसली.

दोरा त्या झाडातून निघणार नव्हता. मी शेजारच्या मोठ्या झाडाचा कापूस ओढला, पिळून दोरा केला. मला नीट जमला नाही, दोनदा तुटला. तो त्या लहान झाडाला गुंडाळला. सासऱ्यांनी दहीभात वाहिला. आता घरच्या बाईनं म्हणायचं असतं की दह्यासारखं पांढरं वावर होऊ दे, घर भरू दे. मायनं धुऱ्यावरून ते सांगितलं.

सासरे हात जोडून बसले. म्हणाले, "मी काई मांगत नाई. पोरगी देल्ली, पावली. जेवढी देल्ली तेवढी पावली." मग म्हणाले, "जवाई देल्ला, पावला."

माय म्हणाली, "बावा, तूही म्हन."

मला म्हणायचं नव्हतं. खरं सांगतो, मनात काहीच बदललं नव्हतं. राग तसाच होता. पण ते लहान झाड समोर होतं आणि तिचं ते बोलणं कानात होतं, जेवढं येईन तेवढं देईन. तिनं घाई केली नव्हती, तक्रार केली नव्हती. मी म्हटलं, "पावलं." माझ्या तोंडून ते शिवी दिल्यासारखं निघालं. पण निघालं.

मग मी दहीभात शिंपडला. वाऱ्यानं तो उडून सासऱ्यांच्या टोपीवर पडला. मी पाहत राहिलो. त्यांना काही कळलं नाही. त्यांना ते कधी माहीतच नव्हतं. मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. भादव्यात रडलो नव्हतो, तेराव्याला रडलो नव्हतो. त्या दिवशी बायांसमोर, उन्हात, मोठमोठ्यानं रडलो. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

वेचणाऱ्या बायांमध्ये एक गोंडाची म्हातारी होती, जंगलाकडच्या वस्तीतली. ती आपल्या बायांशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली आणि सगळ्यांनी डोक्यावर पदर घेतला. मला म्हणाली, "आमी नवं धान आलं का आंधी गेलेल्या मानसांले देतो. मंग खातो. तू देल्लं, बरं केलं. आता ऊठ, ऊन चढलं, आमाले वेचू दे." आणि तिनं पहिल्या बोंडाला हात घातला.

ती लहान झाडं कोणी वेचली नाहीत. वेचण्यासारखं त्यांना काही नव्हतंच.

दुपारी घरी आलो. सासऱ्यांची निघायची वेळ झाली. दरसाल या वेळी घरात धांदल असायची. तिची पिशवी, तिचं लुगडं, माय म्हणायची लवकर पाठवा, सासरे म्हणायचे आता नाईच पाठवत. त्या दिवशी ते रिकामं गाडगं धुऊन हातात घेऊन उभे होते. निघावं की थांबावं हे त्यांना कळत नव्हतं. सवयीनं एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. मी ते पाहिलं. मायनंही पाहिलं.

भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. मायनं शेजाऱ्यांच्या ताटातल्या करंज्या, अनारसे गाडग्यात भरले. "इनबाईले द्या. त्यांच्याही घरी कोनी आनून देल्लं असंन, पन हेही द्या." मग एक करंजी सासऱ्यांच्या हातावर ठेवली, एक माझ्या. आम्ही दोघं ओसरीवर उभे राहून खाल्ली. गोड लागली. करंजी गोडच लागते, माणसाचं काही झालं तरी. मला त्याचा फार राग आला आणि मी दुसरी घेतली.

मी त्यांना शिवेपर्यंत पोचवायला गेलो. गायगोधनाच्या गाई परत येत होत्या, धूळ उडाली होती. शिवेवर ते थांबले. मी म्हटलं, "मामाजी, पुढच्या साली दही आनजा."

त्यांनी मान हलवली. थोडं पुढं गेले आणि मागं न पाहता ओरडले, "इनबाईले म्हना कुत्रं बांधून ठेवा!" मग ते पऱ्हाटीच्या वावरांमधून दिसेनासे झाले. एकटे.

दुसऱ्या वेचणीच्या वेळी थंडी पडली होती. तेव्हा ती लहान झाडं फुटली. बोंडं बारीक, कापूस थोडका, पण पांढरा. तो मी एकट्यानं वेचला आणि वेगळा ठेवला. फडक्यात बांधला तर एका हातात मावला. तो घेऊन मी तळेगावकडे गेलो. सासूबाईंनी तो मांडीवर घेतला आणि त्यातली सरकी एक एक करून काढत बसल्या. मी निघालो तरी काढतच होत्या.

पुढं मी दुसरी केली. चांगली बाई होती, तिनं माझा संसार केला, तिच्याबद्दल वाकडा शब्द मी लिहिणार नाही. सासरे मरेपर्यंत दर दिवाळीला दही घेऊन आले. माझी दुसरी बायको त्यांना बाबा म्हणायची आणि त्यांचे पाय धुवायची. रस्त्यात कोणी विचारलं, बुढ्या कुठं चालला, तर सांगायचे, पोरीच्या वावरात. माय गेल्यावरही ते दारातून कुत्र्याचं विचारायचे. उत्तर कोणी देत नव्हतं. ते थोडं थांबायचे आणि आत यायचे.

आता आमच्या वावरात सोयाबीन आहे. पोरं म्हणतात कापसात काही राहिलं नाही. असेल. मी एका कडेला थोडे तास कपाशीचे ठेवायला लावतो. त्यावर घरात दरसाल वाद होतो आणि दरसाल मी जिंकतो. पेरताना त्यात मध्ये मध्ये मी खाडे सोडतो. पोरगा म्हणतो, बाबा, हात थरथरतो तुमचा, बी सुटून राह्यलं. मी सांगत नाही. मग पंधरवड्यानं वावरात जातो, खुरप्यानं माती उकरतो, दोन-तीन दाणे टाकतो, टाचेनं दाबतो. वाकल्यावर पुन्हा सरळ व्हायला वेळ लागतो.

दिवाळीत ती झाडं हिरवीच असतात. बाकीची पांढरी होतात तेव्हा ती कुठं कुठं आहेत ते धुऱ्यावरून दिसतं. सीतादही मीच करतो. गावातले लोक हसतात, हसू दे. एखाद्या लहान झाडापाशी बसतो, खडे मांडतो, हळद आधी, कुंकू मागून. दिव्याचं तोंड उगवतीला. आणि म्हणतो, पावलं. अजूनही ते सरळ तोंडानं निघत नाही.